धाबं, कौल, स्लॅब आणि काच

स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला "संस्थेचा इतिहास लिहा, काका" असं सांगितलं. नोंदणी कधी झाली, पहिले चेअरमन कोण, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, हे सगळं सेक्रेटरींच्या अहवालात येणारच आहे, आणि ते त्यांनाच माझ्यापेक्षा नीट माहीत. म्हणून मी दुसराच इतिहास लिहायला घेतला आहे. तो आपल्या डोक्यावरच्या छपराचा आणि आपल्या भिंतींचा.

त्याला एक कारण आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आहे. आपल्या सगळ्या घरांचं "फ्रंट एलिव्हेशन" एकसारखं करायचं. म्हणजे पुढचे ओटे काढून तिथे गाडी लावायची जागा करायची, गॅलऱ्यांना सरकत्या काचा लावायच्या आणि दर्शनी भागाला एसीपी शीट बसवायची. सूचना तरुण सभासदांची आहे, हेतू चांगला आहे, चित्रात तर घरं पुण्या-सुरतेच्या बंगल्यांसारखी दिसतात. माझं मत मी लपवणार नाही, शेवटी सांगतोच. पण आधी जमा-खर्च मांडायचा आणि मग शिल्लक सांगायची, ही नोकरीतली सवय काही सुटत नाही.

सहकारी गृहनिर्माणाची एक जुनी गोष्ट आपल्या राज्यातलीच आहे. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. श्रीपाद सुब्राव तालमकी हे तिच्यामागचे गृहस्थ. एकेकट्याला जे घर परवडत नाही ते दहाजणांनी मिळून उभं करायचं, हा साधा विचार त्यात होता. त्यानंतर ८५ वर्षांनी, २००० साली, आपण तळोद्यात तेच केलं. तोपर्यंत आपला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा होऊन दोनच वर्षं झाली होती.

आता तळोद्याच्या घरांकडे येतो.

आपलं गाव लाकडाचं. १८८० साली निघालेल्या खानदेशच्या जुन्या गॅझेटियरमध्ये तळोद्याची ओळख लाकडाची मोठी पेठ आणि बैलगाड्या बनवणारं गाव अशी दिली आहे. सातपुड्यातला साग खाली उतरायचा तो इथे. ज्यांना गावाचा मोठेपणा सांगायचा असतो ते बारगळांच्या गढीचं नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. मल्हारराव होळकर लहानपणी मामांकडे, भोजराज बारगळांकडे, इथे वाढले. मामांची मुलगी गौतमाबाई त्यांची पत्नी झाली. म्हणजे इंदूरच्या राजवाड्याचं माहेर आपलं तळोदं. तो राजवाडाही खालचे मजले दगडाचे आणि वरचे लाकडाचे असा आहे. दगड-माती खाली, लाकूड वर, ही आपल्या भागाची जुनी रीत.

मी लहान असताना तालुक्यात तीन तऱ्हेची घरं दिसायची. तापीकडच्या काळ्या जमिनीच्या गावांत धाब्याची घरं. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या-काटक्या, त्यावर पालापाचोळा आणि सगळ्यांवर पांढऱ्या खारवट मातीचा जाड थर. छपराला उजेडासाठी एक झरोका. तळोद्याच्या पेठेत कौलारू घरं, पुढे ओटा, ओट्यावर ओसरी, मग माजघर. आणि सातपुड्याच्या पायथ्याला भिल्ल-पावरा बांधवांची कुडाची घरं. बांबूच्या चिपांच्या भिंती, त्यांना शेणमातीचा लेप, वर देशी कौलं.

या तिन्ही घरांमागे एकच हिशेब होता, तो म्हणजे मे महिना. ४३-४४ अंशांत माणूस दुपारी घरात बसू शकला पाहिजे. धाब्याच्या जाड मातीतून ऊन खाली पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि बराचसा ताव वरच्या वर निघून जातो. कौलांच्या फटींतून घरातली गरम हवा वर निघून जाते. कुडाची भिंत श्वास घेते असं म्हणायचे, ते अगदी शब्दशः खरं होतं. आणि ओट्यावर छपराची सावली असल्यामुळे ऊन मूळ भिंतीला लागतच नसे. एका म्हाताऱ्या गवंड्याने मला अहिराणीत सांगितलं होतं, "घर बांधतांना उन्हाळाले इचारनं पडस." त्याचं शिक्षण चौथीपर्यंतही झालेलं नव्हतं.

पण जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. धाबं दर पावसाळ्याआधी नीट करावं लागे, नाहीतर जेवणाच्या ताटात चिखलाचं पाणी पडे. वाळवी, विंचू, उंदीर यांना मोकळं रान. सारवणं-लिंपणं कोणाच्या वाट्याला? आईच्या आणि आजीच्या. शेणाने फाटलेली त्यांची बोटं आठवली की मातीच्या घराचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. त्यामुळे सिमेंट आलं तेव्हा सगळ्यात आधी बायका सुखावल्या, आणि त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही.

सिमेंट-सळईची कथा मोठी गमतीची आहे. पॅरिसजवळ जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. त्याच्या झाडांच्या कुंड्या फुटायच्या, म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घालून कुंड्या केल्या आणि १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे १८९२ मध्ये फ्रांस्वा एनबिक याने खांब, तुळई आणि स्लॅब एकमेकांत सळईने बांधण्याची पद्धत पेटंट केली. आज तळोद्यात आपण ज्याला कॉलम-बीम म्हणतो ते मुळात हेच. माळ्याच्या कुंडीतून निघालेलं हे तंत्र शंभर वर्षांत जगभर पसरलं. वास्तुकलेत त्याने क्रांती केली, कारण भिंतीवरचा छपराचा भार गेला. भिंत पातळ झाली, मोठी खिडकी शक्य झाली आणि मजल्यावर मजला चढवता येऊ लागला.

आपल्याकडे ही क्रांती परमिटाच्या रांगेतून आली. सत्तरच्या दशकात सिमेंटची दहा पोती मिळवायला तहसील कचेरीत किती हेलपाटे पडत, हे माझ्या वयाच्या सभासदांना सांगायला नको. १९८२ मध्ये सरकारने सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट उठवलं, १९८९ मध्ये पूर्ण. त्यानंतर मात्र बघता बघता गाव बदललं. कौलं उतरली, स्लॅब पडले.

आणि इथे मला माझ्या खात्यावरची एक नोंद सांगायची आहे. ती आजवर घरातही फारशी सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मी एका शाखेत कर्जाचं टेबल सांभाळत होतो. तालुक्यातल्या एका गावचे शेतकरी घरदुरुस्तीसाठी कर्ज मागायला आले. सगळे त्यांना आबाच म्हणत, मीही आबाच म्हणतो. घर जुनं, सागाचं, खांबांवर कोरीव काम. कौलं बदलायची होती, दोन तुळया वाळवीने खाल्ल्या होत्या, एक भिंत नव्याने उचलायची होती. इस्टिमेट अगदी थोडक्या रकमेचं. पण आमच्या फॉर्मवर घराचे दोनच प्रकार होते, पक्कं आणि कच्चं. मातीची भिंत म्हणजे कच्चं, आणि कच्च्याला तारण म्हणून किंमत नाही. मी आबांना म्हटलं, "हे पाडा, स्लॅबचं बांधा, मग तिप्पट रक्कम मंजूर करून देतो." आबा म्हणाले, "साहेब, घर चांगलं आहे हो. फक्त वरचं फाटलंय." मी त्यांना नियम वाचून दाखवला. नियम माझा नव्हता हे खरं, पण वाचून दाखवणारा आवाज माझा होता.

आबांनी घर पाडलं. सागाचे खांब कुठल्याशा व्यापाऱ्याने लाकडाच्या भावाने नेले. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर पाच इंची स्लॅब, असं घर उभं राहिलं. तीन-चार वर्षांनी मे महिन्यात हप्त्याच्या कामासाठी मी तिकडे गेलो, तर भर दुपारी सगळं घर समोरच्या निंबाखाली खाटा टाकून बसलेलं. आबा हसून म्हणाले, "स्लॅब पक्का आहे बरं का साहेब. उन्हाळ्यात फक्त आम्ही त्याच्याखाली झोपत नाही, त्याच्यापुढे झोपतो." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही.

अशा किती फायली माझ्या सहीने गेल्या असतील, मोजल्या नाहीत. तळोदा तालुक्यातली घरं कोणी बदलली असं नातवाने विचारलं, तर इंजिनिअर, गवंडी, सिमेंटचा दुकानदार यांच्या यादीत मला माझंही नाव घालावं लागेल.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती विसर्जन करून लोक झोपलेले आणि किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. ती गेली ती बहुतांशी दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि छपरावरच्या मातीखाली. आपल्या धाब्याचीच ती मराठवाड्यातली भावंडं. वर्षानुवर्षं लिंपून लिंपून छपरावरचा थर वाढत गेलेला, आणि भिंतीतले दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती मात्र कोसळल्या, असंही पाहणीत दिसलं. पुढे ५२ गावं संपूर्णपणे नव्या जागी वसवली. तिथल्या लोकांनी दगडी घर नको म्हटलं, यात नवल नाही. त्या दिवसांत मला वाटलं, आबांना मी स्लॅब घ्यायला लावला ते बरंच झालं.

मग २६ जानेवारी २००१ आला. आपल्या संस्थेची जोती तेव्हा नुकतीच भरली जात होती. झेंडावंदन उरकून आम्ही चार-पाचजण इथे मोकळ्या जागेवर उभे होतो. पावणेनऊच्या सुमारास पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटली. प्रत्येकाला वाटलं आपल्यालाच चक्कर आली. दुपारी रेडिओवर भुजची बातमी आली. नंतर कळलं की भूकंपाच्या केंद्रापासून २०० किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती पडल्या, आणि त्या मातीच्या नव्हत्या, सिमेंट-सळईच्याच होत्या. बऱ्याच इमारतींत खाली पार्किंगसाठी नुसते खांब आणि वर भिंतींनी भरलेले मजले होते. पाय बारीक आणि धड जड. हादरा बसला तसे ते पाय मोडले.

आपल्या संस्थेच्या इंजिनिअरने त्या आठवड्यात नकाशे परत मागवले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. खांब आणि तुळया जिथे जुळतात तिथल्या रिंगा जवळजवळ घ्यायला लावल्या, आणि खाली नुसत्या खांबांची मोकळी जागा ठेवायची नाही असं ठरवलं. वाढीव खर्चावरून तेव्हा भांडण झालं, आणि त्या भांडणात खर्चाच्या विरुद्ध बोलणाऱ्यांत मी होतो. आज त्याबद्दल जाहीर माफी मागतो. ओटे तोडून गाडीसाठी जागा करताना कोणी भिंत काढणार असेल, तर त्याने आधी अहमदाबाद आठवावं.

किल्लारी आणि भुज एकत्र ठेवून पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या फॉर्मवरचे ते दोन रकाने चुकीचे होते. माती म्हणजे कच्चं आणि सिमेंट म्हणजे पक्कं असं नसतं. नीट बांधलेलं आणि नीट न बांधलेलं, एवढेच दोन प्रकार खरे.

निवृत्तीनंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो. मुलाकडे आणि भाच्यांकडे गेलो की इमारती पाहायला जायचो. घरचे हसायचे. पण त्यातून जे दिसलं ते आपल्या सभेच्या विषयाला लागू पडतं.

अहमदाबादला आश्रम रोडवर गिरणीमालक संघाची इमारत आहे. फ्रान्सचा जगप्रसिद्ध वास्तुकार ल कॉर्बुझिए याने ती बांधली, १९५४ मध्ये पूर्ण झाली. हा माणूस काँक्रीटचा मोठा पुरस्कर्ता. पण त्याने पश्चिमेच्या बाजूला काय केलं? काँक्रीटच्याच जाड, तिरक्या, उभ्या फळ्या लावल्या. वारा आत येतो आणि ऊन अडतं. जगातल्या सर्वात आधुनिक माणसाला गुजरातच्या उन्हाने ओसरी बांधायला लावली, असं मी तिथे उभा राहून म्हटलं.

त्याच्या हाताखाली काम केलेले बाळकृष्ण दोशी. जन्म १९२७ चा, पुण्याचा. २०१८ मध्ये त्यांना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, वास्तुकलेतला सर्वात मोठा, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. इंदूरला त्यांनी कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी अरण्य नावाची वसाहत आखली. सुमारे ६,५०० घरांचा आराखडा. तिथे गरीब कुटुंबाला पूर्ण घर दिलं नाही. जोतं दिलं, पाणी आणि संडास दिला, एखादी खोली दिली, आणि बाकीचं घर तुम्ही पैसे येतील तसं वाढवा म्हणून सांगितलं. कसं वाढवता येईल हे दाखवायला ८० नमुन्याची घरं बांधली. त्या घरांना पुढे काय होतं? ओटा. रस्त्याकडे उघडणारा, बसायला, भाजी निवडायला, वर जायचा जिना टेकवायला. तळोद्याच्या लेकीच्या सासरी जाऊन एका मोठ्या वास्तुकाराने पुन्हा ओटाच बांधला, याचं मला फार बरं वाटलं.

दुसरं उदाहरण आपल्या राज्यातलं. नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी १९८३ च्या सुमारास आर्टिस्ट्स व्हिलेज आखलं. छोटी छोटी घरं, सात घरांमध्ये एक चौक, अशा काही चौकांचा मोठा चौक. दोन घरांची भिंत सामाईक नाही, म्हणजे शेजाऱ्याला न विचारता आपलं घर बदलता येईल. लोकांनी बदललीच. माझा भाचा जवळ राहतो, त्याच्याबरोबर मी तिथे दोनदा फिरलो. कौलारू घरं पाडून अनेकांनी दोन-तीन मजली काँक्रीटची घरं बांधली आहेत. मूळचं फार थोडं उरलं आहे. पण चौक उरले आहेत. पोरं तिथे खेळतात, म्हातारे बसतात. घर ज्याचं त्याने बदलावं, पण जे सगळ्यांचं आहे ते जपावं, हा धडा मी तिथून घेऊन आलो.

आता काचेकडे येतो. लंडनमध्ये फेनचर्च स्ट्रीटवर एक उंच काचेची इमारत आहे, समोरची बाजू आतल्या बाजूला वळलेली, आरशासारखी. २०१३ च्या उन्हाळ्यात, बांधकाम संपत आलं असताना, त्या वळणदार काचेवरून परावर्तित झालेलं ऊन खालच्या रस्त्यावर एका ठिकाणी एकवटलं आणि तिथे उभ्या असलेल्या महागड्या मोटारीचे भाग वितळले. लंडनचं ऊन ते! शेवटी त्या इमारतीला बाहेरून काय लावलं? ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या. थोडक्यात, छज्जा.

एसीपी शीटची गोष्ट हसण्यासारखी नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दुसऱ्या पदार्थाचा थर भरलेला असतो, स्वस्त शीटमध्ये तो पॉलिथिलीनचा, म्हणजे प्लॅस्टिकचा. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीत एका स्वयंपाकघरात आग लागली. एरवी ती त्या एका घरात विझली असती. पण नुकतंच नूतनीकरण करून इमारतीला बाहेरून असंच आवरण लावलं होतं. आग त्यावरून वर चढत गेली आणि ७२ माणसं गेली. त्यात सामान्य घरची माणसंच जास्त होती. इमारत जुनी दिसत होती, ती छान दिसावी हाही त्या नूतनीकरणाचा एक उद्देश होता. आपल्या घरांपुढे विजेचे मीटर आहेत, दिवाळीत फटाके आहेत. मला यापुढे काही लिहायला नको.

मग नवीन काही करायचंच नाही का? जरूर करायचं. त्यासाठी दोन गोष्टी सांगतो.

आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, ऊन आपल्यासारखंच किंवा जास्त. तिथल्या गांडो गावचा फ्रान्सिस केरे हा त्याच्या गावातून शाळेत गेलेला पहिला मुलगा. ज्या वर्गात तो शिकला तो भट्टीसारखा तापायचा. पुढे तो बर्लिनला वास्तुकला शिकला आणि शिकत असतानाच पैसे जमवून त्याने २००१ मध्ये आपल्या गावात शाळा बांधली. भिंती मातीच्याच, पण मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटांच्या. गावकऱ्यांनी हाताने काम केलं. छपराची युक्ती बघा. खाली विटांचं छत, आणि त्याच्या वर बरंच अंतर सोडून सळयांच्या सांगाड्यावर पत्रा. पत्रा तापतो, पण मधल्या पोकळीतून वारा वाहतो आणि उष्णता खाली येत नाही. २०२२ मध्ये केरेला प्रिट्झकर मिळाला. आता आपल्या गच्च्यांवर नजर टाका. आपल्यापैकी सात-आठ सभासदांनी गच्चीवर उंच पत्र्याची शेड घातली आहे. एलिव्हेशनच्या चित्रात ती शेड "ओबडधोबड" म्हणून काढून टाकली आहे. मंडळी, ती ओबडधोबड शेड म्हणजे गांडोच्या शाळेचंच तंत्र आहे. रंग द्या, नीट करा, पण काढू नका.

दुसरी गोष्ट फ्रान्समधली. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या जोडीचं म्हणणं असं की शक्यतो काही पाडू नये. बोर्दो शहरातल्या १९६० च्या दशकातल्या तीन जुन्या इमारतींतल्या ५३० घरांना त्यांनी सहकाऱ्यांबरोबर बाहेरून जवळजवळ चार मीटर खोल गॅलऱ्या जोडल्या. काम चालू असताना लोकांना घरं सोडावी लागली नाहीत. २०२१ मध्ये त्यांनाही प्रिट्झकर मिळाला. तिथे थंडी असल्यामुळे त्या गॅलऱ्यांना सरकत्या काचा आहेत, ऊन आत घ्यायला. त्यांना जे आत हवं आहे तेच आपल्याला बाहेर ठेवायचं आहे. त्यांचा फोटो पाहून आपण काच लावली तर चित्र त्यांचं येईल आणि ताप आपल्याला होईल.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. २०१२ मध्ये माझ्या पश्चिमेच्या गॅलरीला मी सरकत्या काचा लावल्या. धूळ येत नाही, छान दिसतं, म्हणून. पहिल्याच उन्हाळ्यात आतली खोली संध्याकाळी पाचनंतर बसण्यासारखी राहिली नाही. मग एसी घेतला. मग बिल वाढलं. वीज गेली की आम्ही दोघं खाली ओट्यावर येऊन बसायचो. एका रात्री असा बसलो असताना मला आबा आठवले. आपणच त्यांना स्लॅबपुढे झोपवलं आणि आता आपण काचेपुढे बसलो आहोत. मागच्या वर्षी काचा काढल्या, जाळी आणि बांबूचे पडदे लावले, गच्चीला पांढरा चुना दिला. खोली थंडगार झाली असं खोटं सांगणार नाही. पण रात्री दहानंतर पंख्यावर झोप येते.

तर माझी शिल्लक अशी.

आपली घरं २५ वर्षांची झाली. मुखवट्याच्या आधी हाडं तपासूया. राज्याच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलं आहे. स्लॅबच्या गळतीतून पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, फुगते आणि खालचा गिलावा-काँक्रीट सुटतं. शीटच्या मागे ते दिसणारही नाही. एलिव्हेशनसाठी जो निधी काढायचा आहे तो आधी यासाठी वापरावा, असा माझा प्रस्ताव आहे. उरेल त्यातून सगळ्यांच्या गच्च्या पांढऱ्या करू, पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल छज्जे देऊ. एकसारखं दिसायचंच असेल तर सगळ्यांनी एकच रंग निवडू, त्याला माझं पहिलं मत.

ओटे मात्र राहू द्यावेत, आणि मैदानाच्या कडेचे निंबही. गाडीला रस्त्याच्या आतल्या बाजूला जागा काढता येते, मी मोजून पाहिलं आहे, नकाशा सभेत आणतो. ज्या ओट्यांवर आपल्या मुलांनी पाढे पाठ केले, जिथे कोरोनाच्या काळात आपण अंतर ठेवून का होईना एकमेकांना दिसत होतो, ते काढून टाकलं तर ३६ घरं राहतील, संस्था राहील की नाही याची मला शंका आहे.

माझ्या विरुद्ध मत असणाऱ्यांनी सभेत जरूर बोलावं. २००१ मध्ये मी चुकीच्या बाजूने बोललो होतो, त्यामुळे यावेळी माझंच बरोबर असा आग्रह धरण्याचा मला फारसा हक्क नाही. फक्त एक विनंती. सभा मे महिन्यात दुपारी चार वाजता घ्या, आणि ती आपल्या हॉलमध्ये न घेता पश्चिमेच्या कोणाच्या तरी काचबंद गॅलरीत घ्या. निर्णय लवकर होईल.

रौप्य महोत्सवानिमित्त सर्व सभासद, माहेरवाशिणी आणि परगावी-परदेशी गेलेली आपली मुलं-नातवंडं, सगळ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्ण महोत्सवाच्या स्मरणिकेत या घरांबद्दल आपल्यापैकी कोणीतरी लिहील. ते लिहिताना ओट्यावर बसून लिहावं, एवढीच इच्छा.